रेघेचा दगड

त्या पावसाळ्यात वीजघराच्या कोळसा दळायच्या नव्या चक्कीत एक दगड गेला, चक्कीचा रोलर तडकला आणि वीजघर तेरा दिवस बंद पडलं. दगड केवढा, तर दोन मुठींएवढा. ओला कोळसा चिकटतो आणि त्याच्या पोटात दडून दगड पुढे जातो, हे बेल्टवर दगड वेचणाऱ्या बत्तीस बायकांना ठाऊक होतं, मुकादमाला ठाऊक होतं, शेडच्या पत्र्यालासुद्धा ठाऊक असेल. पण चौकशी झाली तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोष सरळ बायकांच्या हातांवर आला.

जुना बॉयलर बरा होता, त्याला काहीही चालायचं. नवा नाजूक पोटाचा. त्याला कोळसा पिठासारखा दळून लागायचा आणि त्यात दगड औषधालाही चालत नसे. मात्र तेवढ्याच विजेला तो पुष्कळ कमी कोळसा खायचा, आणि चिमणीचा धूर निम्म्यावर आला होता. हे खोटं म्हणता येणार नाही. वस्तीतल्या दोरीवरचे कपडे आता सुकेपर्यंत पांढरे राहत, आणि थोरलीच्या सासूचा खोकला, जो वीस वर्षं कुठल्याही औषधाला बधला नव्हता, तो कमी झाला होता. नव्या बॉयलरला नावं ठेवणाऱ्यांनी आधी म्हातारीला विचारावं.

थोरली म्हणजे त्या घरातली मोठी सून. एकोणीस वर्षं ती बेल्टवर दगड वेचत होती, आणि त्यातली अकरा वर्षं शेवटच्या जागेवर. शेवटची जागा मानाची. तिच्या पुढे हात नाही. तिने सोडलं ते थेट चक्कीत. बेल्टच्या लोखंडी कडेला डावी कंबर टेकवून उभं राहायचं, त्यामुळे कमरेवर तळहाताएवढा घट्टा पडला होता आणि अंघोळीच्या वेळी तो दुसऱ्याच कुणाचा असावा असा हाताला लागे. बोटांना चिंध्या बांधलेल्या. अंगठा तेवढा उघडा, कारण अंगठ्याशिवाय कळत नाही. डोळ्यांना सगळंच काळं दिसतं. कोळसा हाताला हलका आणि कोमट लागतो, दगड थंड आणि आपल्या आकाराहून जड. बाकीच्या बायका दगड उचलून बघत. थोरलीच्या हाताला तो आधीच सापडलेला असे.

आणि तो रोलर फोडणारा दगड तिच्याच समोरून गेला होता. तिने तो पाहिला होता, हात घातलाही होता, पण चिखल झालेल्या कोळशातून बोटं निसटली आणि दगड पुढे गेला. तिने ओरडायला हवं होतं. बेल्ट थांबवायची दोरी डोक्यावरच होती. पण दोरी ओढली की मुकादम सगळ्यांदेखत आईबापाचा उद्धार करायचा, म्हणून तिने क्षणभर विचार केला, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बेल्टवर शेजारी उभ्या राहणाऱ्या धाकट्या जावेलाही नाही.

दगड दोन प्रकारचे. एक निव्वळ दगड, जळायला निरुपयोगी. दुसरा रेघेचा: अंगात बोटभर किंवा त्याहून बारीक अशी चकचकीत काळी रेघ असलेला. तो धड कोळसा नाही, धड दगडही नाही. पण फोडून चुलीत घातला तर धुमसत धुमसत तासभर जळतो. हा रेघेचा दगड बायकांचा. कामाची पाळी संपली की ढिगातून एकेक पाटी भरून घरी न्यायची, हे सासूच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. सासूसुद्धा बेल्टवरच म्हातारी झाली होती. थंडीत एकदा बायकांनी काम बंद केलं, तेव्हा त्या वेळच्या मुकादमाने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "रेघेचा तुमचा. पण बिनरेघेचा कोळसा एक खडा जरी पाटीत सापडला तर गाठ माझ्याशी." शब्दाला कागद नव्हता. पण तो कुणी मोडलाही नव्हता, बायकांनीही नाही. वस्तीतल्या सगळ्या चुली त्याच शब्दावर पेटत होत्या.

पावसाळा सरला आणि मोठे साहेब शेडमध्ये आले. बेल्ट बंद झाला तसा कानांत नुसता भुंगा राहिला. साहेबांनी रुमाल नाकाला न लावता बोलायला सुरुवात केली, हे बायकांना आवडलं.

"दगड वेचायला मशीन येतंय," ते म्हणाले. "चक्की फुटणार नाही, बॉयलर नीट जळेल, धूर आणखी कमी होईल. तुमच्याच पोराबाळांच्या छातीसाठी आहे हे. घाबरायचं काही कारण नाही. चारजणींना मशीनवर देखरेखीला ठेवू. बाकीच्यांना राखेच्या विटा पाडायच्या कामावर घेऊ. उपाशी कुणी मरणार नाही."

"चारजणी कोणत्या?" धाकटीने विचारलं. तिला कुणापुढे गप्प बसणं जमलं नाही कधी.

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिशीच्या आतली, पायात जाड बूट, गळ्यात ओळखपत्र. ती म्हणाली, "मशीनला आधी शिकवावं लागतं. तुमचे हात बघून ते शिकणार. ज्यांचा हात सगळ्यात अचूक, त्या राहतील."

बायकांनी आपोआप थोरलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण कान तापले. इतक्या वर्षांत तिच्या हाताचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

घरी त्यावरून जुंपली. नवरा राखेच्या तळ्यावर राख उडू नये म्हणून पाणी मारायचा; तो पाय धुऊन दारातच बसला आणि दोन्हीकडून मान हलवत राहिला. धाकटी आपल्या खोलीतून पातेलं घेऊन आली होती, कारण दोन्ही घरांना एक चूल पुरायची.

"उलटसुलट टाकायचं," ती म्हणाली. "दगड म्हणून कोळसा, कोळसा म्हणून दगड. वेडं होऊ दे ते मशीन. महिनाभरात गाशा गुंडाळतील."

"आणि तुझ्या जागी दुसऱ्या बायका आणतील," थोरली म्हणाली. "चार जागा आहेत. दोन आपल्या घरात येतील. तू माझ्या हाताखाली शिकलीस, तुझाही हात वाईट नाही."

"वाईट नाही म्हणे! उपकार झाले."

सासू चुलीपुढे बसून रेघेचा दगड हातोडीने फोडत होती. रेघेवरच घाव घालायचा, म्हणजे फळ उकलावं तसा तो उकलतो. ती म्हणाली, "शिकवू नकोस."

"का, आत्याबाई? तुमचाच खोकला कमी झालाय ना नव्या बॉयलरने?"

"झालाय. बॉयलरला मी काही म्हणत नाही. पण मी तुला शिकवलं तेव्हा तू माझ्या घरात राहणार होतीस, म्हणून शिकवलं. ते मशीन कुणाच्या घरात राहणार आहे?"

थोरलीने उकललेले तुकडे चुलीत सारले. तिच्या मनात तो ओला दगड होता. एकदा, फक्त एकदाच हात चुकला, आणि सगळ्या बायकांच्या कपाळी दोष आला. आता तोच हात साहेबांसमोर, यंत्रासमोर दाखवायची वेळ आली होती. चुकीचं टाकायचं म्हटलं तर तिच्या जिवावर येत होतं. तिला ते जमणारच नव्हतं, हे खरं.

शिकवणी कार्यालयामागच्या खोलीत होती, आणि आधी एकट्या थोरलीलाच बोलावलं होतं. खोलीत पंखा होता, बसायला खुर्ची होती, आणि पहिल्या दिवशी खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, तिचं लुगडं कोळशाचं म्हणून. टेबलावर एक पेटी, तिच्यावर दोन कॅमेरे. एक समोरून बघणारा, एक वरून. समोर कोळसा-दगडाचा मिसळलेला ढीग, उजवीकडे पांढरा ट्रे, डावीकडे काळा. बूटवाली मुलगी म्हणाली, "मावशी, एकेक उचलायचं. कोळसा असेल तर काळ्यात, दगड असेल तर पांढऱ्यात. घाई नाही."

मावशी! दोघींत फार तर बारा वर्षांचं अंतर असेल. पण थोरलीने मनाला लावून घेतलं नाही. तिने चिंध्या घट्ट केल्या आणि सुरुवात केली. सुरुवातीला हात अवघडला, बसून वेचायची सवय नव्हती. ती उठून उभी राहिली, टेबलाच्या कडेला कंबर टेकवली, आणि मग हात चालू लागला. मुलगी तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

"न बघताच टाकता तुम्ही!"

"बघत बसलं तर बेल्ट थांबतो का?"

दहाव्याबाराव्या खेपेला हातात रेघेचा आला. थोरली थांबली. काळा ट्रे, पांढरा ट्रे. तिसरा नव्हता.

"मॅडम, हा कुठे टाकू?"

मुलगी पडद्यावर काहीतरी करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुम्ही रोज कुठे टाकता?"

"दगडात."

"मग दगडात टाका. रोज जसं करता अगदी तसंच करा. मशीनला तेच हवंय."

थोरलीने अंगठा रेघेवरून फिरवला आणि दगड पांढऱ्या ट्रेमध्ये टाकला. तिला खोटं काहीच करायचं नव्हतं. तिने खोटं काही केलंही नाही. सहा दिवस ती हजारो खडे वेचत राहिली, आणि प्रत्येक रेघेचा दगड तिने रोजच्याप्रमाणे पांढऱ्यात टाकला. शेवटच्या दिवशी मुलगी म्हणाली, "तुमच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, मावशी." तो दिवस थोरलीने जपून ठेवला. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मला पंचवीस वर्षांत दिसलं नाही ते तिला सहा दिवसांत दिसलं." त्याच्या परीने ते कौतुकच होतं.

मशीन बसलं. बेल्टवर एक लांब पेटी, तिच्यात उजेड, आणि पुढे वाऱ्याच्या नळ्या. दगड आला की नळी फुस्स करायची आणि दगड उडून बाजूच्या घसरगुंडीत पडायचा. बायकांना अजून काढलं नव्हतं. महिनाभर मशीनच्या मागे उभं राहून सुटलेलं वेचा, असं सांगितलं होतं. पण सुटायचंच नाही काही. बत्तीस बायका हात बांधून उभ्या. रेघेचा दगड आला की नळी जरा थांबायची, मग फुस्स.

"बघ, बघ!" धाकटी ओरडली. "अगदी जाऊबाई! आधी विचार करणार, मग टाकणार!"

सगळ्या हसल्या. थोरलीही हसली, पदर तोंडावर धरून. त्या महिन्यात पाट्या भरभरून रेघेचा मिळाला. थंडी सुरू झाली होती आणि कुणाच्याही चुलीला काही कमी नव्हतं.

मग कुणीतरी दगडांच्या ढिगातला माल उचलून तपासायला पाठवला. नव्या बॉयलरचं सगळंच मोजून मापून होतं: किती जळलं, किती वाया गेलं, चिमणीतून काय बाहेर पडलं. दगडात किती कोळसा गेला हे आजवर कुणी मोजलं नव्हतं. मोजलं, आणि साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

थोरलीला सकाळी कार्यालयात बोलावलं. ती अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून गेली, कारण तिला वाटलं चार जागांचं असेल. साहेब, बूटवाली मुलगी, मुकादम, सगळे होते. खुर्ची होती, पण बस कुणी म्हटलं नाही. भिंतीवरच्या पडद्यावर तिचे हात दिसत होते. एवढे मोठे हात तिने कधी पाहिले नव्हते. चिंध्यांचे धागे, नखांतली काजळी, अंगठ्यावरची जुनी चीर.

"मशीन चांगला कोळसा दगडात फेकतंय," साहेब म्हणाले. "शंभरातले सात भाग. का फेकतंय?"

बूटवाली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, मशीन बरोबर आहे. त्याला जसं शिकवलं तसंच ते करतंय." आणि तिने पडद्यावर एक दगड दाखवला. थोरलीचा हात येतो, दगड उचलतो, अंगठा रेघेवरून फिरतो, थांबतो, आणि दगड पांढऱ्या ट्रेमध्ये पडतो. पुन्हा दुसरा. पुन्हा तिसरा. प्रत्येक वेळी अंगठा थांबत होता.

"साध्या दगडावर अंगठा थांबत नाही," साहेब म्हणाले. "फक्त ह्याच्यावर थांबतो. म्हणजे ह्यात कोळसा आहे हे तुम्हाला कळत होतं. कळूनसवरून तुम्ही तो दगडात टाकत होता."

"साहेब, रेघेचा आमचा असतो."

"तुमचा?"

"पहिल्यापासून. माझ्या सासूच्या वेळी मुकादमाने शब्द दिला होता. सगळ्यांसमोर. ह्यांना विचारा ना," तिने मुकादमाकडे बोट केलं. "ह्यांच्या समोरून पाट्या जातात रोज."

मुकादमाने कानांवर हात ठेवले. "माझ्यासमोरून दगडाच्या पाट्या जातात, साहेब. त्यात काय असतं ते मी कसं ओळखणार? मला काय एवढी पारख आहे?"

ह्याच मुकादमाच्या घरी दर आठवड्याला दोन पाट्या जात, आणि त्याची बायको बारीक रेघेचा दिला म्हणून नाक मुरडत असे. थोरलीच्या तोंडावर ते आलं होतं. पण तिने बूटवाल्या मुलीकडे पाहिलं. "मॅडम, मी विचारलं होतं तुम्हाला. कुठे टाकू म्हणून. तुम्हीच म्हणालात रोजच्यासारखं टाका."

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. तिलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असेल, आणि तिच्या मशीनवर ठपका येत होता. थोरलीला हे त्या क्षणीसुद्धा समजलं, आणि समजलं म्हणून जास्तच जिव्हारी लागलं.

"बरं, मग आता नीट शिकवते," थोरली म्हणाली. आपला आवाज असा काकुळतीला आलेला तिला ऐकवत नव्हता, पण ती बोलत राहिली. "तिसरा ट्रे ठेवा. रेघेचा वेगळा काढून दाखवते. एकही चुकणार नाही. माझ्या धाकट्या जावेला बोलवा, आम्ही दोघी मिळून..."

"त्याची गरज नाही," साहेब म्हणाले. "झालंय ते."

कालच दुपारी झालं होतं. जिथे जिथे अंगठा थांबला तेवढी चित्रं मुलीने वेगळी काढली, आणि मशीनला सांगितलं की हा तिसरा प्रकार. अर्धा दिवस पुरला. थोरलीचा अंगठाच सगळं सांगून बसला होता.

चोरी झाली म्हणून चारही जागा गेल्या आणि विटांचं कामही गेलं. बत्तीसही जणींना त्या आठवड्यात घरी पाठवलं. रेघेचा दगड आता वेगळ्या घसरगुंडीतून जाऊन वेगळा दळला जाऊ लागला, कारण नव्या बॉयलरला तोही थोडा थोडा चालत होता. त्या ढिगाला तारेचं कुंपण पडलं. साहेबांच्या दृष्टीने चुकीचं काहीच नव्हतं. शंभरातले सात भाग वाचले. तेवढा कोळसा खाणीतून कमी निघेल, तेवढा धूर कमी. चिमणीकडे बघून आता वीजघर चालू आहे की बंद, हे ओळखू येत नसे.

वस्तीने थोरलीशी बोलणं टाकलं. नळावर ती गेली की बायका आपल्या घागरी पुढे सरकवत, भांडत मात्र नसत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकटीने आपली वेगळी चूल मांडली, तीन विटांची, आणि तिच्यात पुठ्ठे आणि काटक्या जाळू लागली. सासूचा खोकला त्या काटक्यांच्या धुराने पुन्हा सुरू झाला. म्हातारी थोरलीला एका शब्दानेही बोलली नाही. एकदाच, हातोडी कोनाड्यात ठेवताना म्हणाली, "हिचं काही काम नाही आता," आणि तेही हातोडीबद्दलच.

थंडी वाढली. मशीनने फेकलेला निव्वळ दगड वीजघराची गाडी जुन्या खड्ड्यात ओतायची, तिथे कुंपण नव्हतं. मशीन आहे म्हणजे ते कुठेतरी चुकणारच, या आशेवर बायका एका सकाळी पाट्या घेऊन खड्ड्यावर गेल्या. थोरलीही गेली, जरा अंतर ठेवून.

उन्हं वर येईपर्यंत त्या वेचत राहिल्या. दगड गार होते आणि बोटं सुजून आली. खड्ड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बत्तीस जोड हात फिरले, खालचे दगड वर काढले, वरचे उलटे केले. थोरलीने चिंध्या सोडून टाकल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी चाचपू लागली. दगड. दगड. दगड. तिचा अंगठा एकदाही थांबला नाही. तिला तो ओला दगड आठवला, तिच्या बोटांतून निसटलेला. ह्या मशीनच्या हातून तेवढंसुद्धा निसटत नव्हतं.

दुपार झाली तशा बायका एकेक करून रिकाम्या पाट्या काखेत मारून चढाला लागल्या. शेवटी खड्ड्यात दोघीच उरल्या. धाकटी वाकून वाकून थकली होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा थोरलीशी बोलली.

"एकही नाही गं, जाऊबाई. अख्ख्या खड्ड्यात एकही नाही. कसलं शिकवलंस तू त्याला!"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. थोरलीने हातातला दगड खाली टाकला. जळाऊ काही न घेता घरी जायचं होतं, म्हातारी गारठून बसली असेल, हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी ते ऐकून तिला क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची एवढी लाज वाटली की तिने पाटी उचलली आणि धाकटीला तोंड दिसू नये म्हणून पुढे चालू लागली.